शेवाळाचे बारसे

आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे करतात. आत्या मुलाच्या कानात 'कुर्र' करते, नाव सांगते आणि लगेच पाठीवर बायकांचे धपाटे खाते. मी सहा भाचरांची आत्या असल्यामुळे हा मान माझ्या पाठीने पुरेसा भोगला आहे. शिवाय मी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे नावे ठेवण्याचाच धंदा. आणि शाळेत शिकविते. त्यामुळे दुसऱ्या अर्थाने नावे ठेवण्याचाही सराव दांडगा आहे. तेव्हा नावाच्या बाबतीत मला कोणी नवे काही सांगेल असे वाटत नव्हते. पण माझ्या सहा भाचरांतली सर्वांत थोरली भाची वनस्पतिशास्त्र शिकू लागली आणि तिने एका निराळ्याच बारशाची गोष्ट मला सांगितली. त्यात बाळाचे वय लाखो वर्षांचे, बाळ रडत नाही, हसत नाही. आणि त्याचे नाव ठरविण्याआधी त्याला पातळ चकत्यांत कापावे लागते. हे बाळ म्हणजे समुद्रातले लाल शेवाळ.

शेवाळ म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे विहिरीची पायरी येते आणि पाय घसरतो. आपल्या भाषेने या साऱ्या गोतावळ्याला एकच शब्द दिला आणि हात झटकले. पण समुद्राच्या शेवाळाची तीन मोठी घराणी आहेत: हिरवे, तपकिरी आणि लाल. लाल घराण्यातच आजवर सात हजारांवर जाती मोजल्या आहेत. हे घराणे फार जुने. आपल्या चित्रकूटच्या खडकांत १६० कोटी वर्षांपूर्वीचे वनस्पतींसारखे सूक्ष्म अवशेष सापडले, त्यांचे वर्णन २०१७ साली स्वीडनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. ते बहुधा लाल शेवाळच असावे असे त्यांचे मत आहे. त्यातल्या एकाचे नाव त्यांनी 'रामाथॅलस' ठेवले. वनवासातला राम चित्रकूटला राहिला होता, याची आठवण त्या परदेशी माणसांनी ठेवली, याचे मला फार कौतुक वाटले.

भाची दिवाळीला आमच्याकडे नेरुळला येते ती फराळासाठी, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. खरे कारण निराळे होते. दिवाळी अमावास्येला येते, आणि अमावास्येच्या आगेमागे समुद्राला उधाण असते. उधाणाची भरती जशी मोठी, तशी त्याची ओहोटीही खोल. आणि आपल्या या भागात ती ओहोटी नेमकी पहाटे नि संध्याकाळी सापडते. पावसाळा सरलेला असतो, पाणी निवळू लागलेले असते आणि खडकांवर नवे शेवाळ धरलेले असते. तेव्हा सगळे जग उटणे लावून बसलेले असताना ही मुलगी गुडघाभर चिखलात उभी असते.

एका पाडव्याच्या पहाटे तिने मलाही ओढून नेले. २०२४ च्या जानेवारीपासून आमची लोकल थेट उरणपर्यंत जाऊ लागली आहे. खिडकीतून खारफुटी, जुन्या मिठागरांचे चौकोन आणि भरावाची लाल माती अशी एकाआड एक दिसत जाते. उरणला उतरून किनाऱ्यावर गेलो, तो समुद्र मागे सरलेला आणि काळे खडक उघडे पडलेले. भाची वाकून बोटांनी चाचपू लागली. मला सगळे एकजात मातकट दिसत होते. तिने एक झुपका पाण्याच्या डबक्यात धरला, तेव्हा तो पसरला आणि एकदम डाळिंबी झाला.

"आत्या, लाल नेहमी लालच दिसते असे नाही हं," ती म्हणाली. "कधी जांभळे, कधी काळपट, कधी शेवग्याच्या पाल्यासारखेही दिसते. हरितद्रव्य यातही असतेच. पण त्यावर एका तांबड्या द्रव्याचे पांघरूण असते. पाण्यातून खाली झिरपणारा निळा-हिरवा प्रकाश ते द्रव्य टिपून घेते. उन्हात पडून मेले की पांघरूण उडते, आणि मग हेच आधी हिरवे, पिवळे आणि शेवटी पांढरे होते."

बाजूच्याच खडकावर एक कोळीण कालवे फोडीत बसली होती. तिची बोटे कोयतीइतकीच सराईत. भाचीने काय वेचले ते तिने पाहिले आणि हसली. तिला कालवे, खुबे, शिंपल्या, निवट्या यांची नावे, त्यांचे ऋतू, त्यांच्या जागा सगळे ठाऊक होते. मी विचारले, "मावशी, याला काय म्हणता हो तुम्ही?" ती म्हणाली, "शेवाळ. जं खात नाय, त्याला नाव कशाला ठेवाचा गो?"

किती सरळ उत्तर! मला वाटते, भाषेचे सगळे व्याकरण या एका वाक्यात आहे. माणूस नाव ठेवतो ते गरजेपोटी किंवा मायेपोटी. ज्याच्याशी देणे नाही, घेणे नाही, त्याला नाव नाही.

घरी आल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलाचे जे काही झाले ते सांगत नाही. परातीत पाणी घेऊन भाचीने त्यात शेवाळ तरंगविले, खालून जाड कागद सरकविला, कुंचल्याने एकेक फांदी मोकळी केली आणि कागद अलगद वर उचलला. वर मलमलीचा तुकडा, त्यावर टिपकागद, आणि दाब म्हणून माझे जुने दिवाळी अंक. डिंक लावावा लागत नाही. ते आपल्याच चिकाने कागदाला चिकटते. एक बोटभर तुकडा मात्र तिने वेगळा काढला आणि नव्या चपलांच्या खोक्यात 'खाऊ नका' म्हणून लिहिलेल्या पुड्या येतात ना, तसल्या दाण्यांत सुकत ठेवला. "हा वाचायचा," ती म्हणाली, "आणि तो कापायचा."

आधी कापणे. दाढीच्या पात्याने तिने एका काडीच्या अशा पातळ चकत्या केल्या, की काकडी कोशिंबिरीला चिरताना माझ्या आईला जमल्या असत्या तरच. त्यांना निळा रंग देऊन तिने त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकला संपले. पण जे दिसले ते पाहायला शिक्षण लागत नव्हते. बाहेर लहान-लहान रंगीत पेशींची दाट किनार. आत मोठ्या, बिनरंगी, फुग्यांसारख्या पेशी. आणि बरोबर मध्यभागी एक छोटीशी पेशी, वाड्याच्या चौकातल्या तुळशीसारखी. शेजारच्या दोन पेशींमध्ये बारीक भोक आणि त्यात बूच बसविल्यासारखे काही. "ही मधली पेशी आहे, म्हणून वंश हिप्निया," भाची म्हणाली. "आता आतल्या भिंती कुठे भिंगासारख्या जाड झाल्यात का, फांद्यांची टोके आकड्यासारखी वळलीत का, बीजाणूंची चवड कशी आहे, हे पाहायचे." तिने एक ठिकाण दाखविले. चार बीजाणू एकावर एक, डब्यातल्या पुडांसारखे बसले होते. दुसऱ्या एका वंशात हेच चार बीजाणू फुलीसारखे दुभागलेले असतात. नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन शेवाळे या पुडांवरून वेगळी होतात.

आणि त्यांचे संसार तर आपल्या कादंबऱ्यांना लाजवतील असे. नर निराळा, मादी निराळी. पण लाल शेवाळाच्या नर-पेशीला पोहायला शेपूटच नाही. लाट नेईल तिकडे जायचे. मादी एक बारीक केस पाण्यात सोडून वाट पाहते. २०२२ साली फ्रान्समध्ये संशोधकांना असे दिसले, की शेवाळात वावरणारे छोटे कवचधारी किडे अंगाला चिकटलेल्या नर-पेशी मादीपर्यंत पोचवितात, फुलावरच्या मधमाशीसारख्या. मिलन झाले की जी पुढची पिढी जन्मते ती आईच्याच अंगावर राहते, तिच्याच जिवावर वाढते. तिच्या बीजाणूंतून तिसरी पिढी निघते, ती मात्र स्वतंत्र. पुष्कळ वंशांत ती दिसायला हुबेहूब आजी-आजोबांसारखी. त्या पिढीच्या पोटी पुन्हा नर आणि मादी. असे तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब! आता यातले कोण कोणाचे, हे खडकावर उभे राहून कसे ओळखावे?

ओळखण्यात फसगत दोन तऱ्हांची होते. एक, दोन नावांचा माणूस एकच निघतो. जपानात 'नोरी' नावाचे लाल शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या खातात, पण त्याचे बी कुठून येते हे तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. पीक आले तर आले. इंग्लंडमध्ये कॅथलीन ड्र्यू-बेकर नावाच्या बाई होत्या. लग्न झालेल्या स्त्रीला नोकरीत ठेवायचे नाही, असा तिथल्या विद्यापीठाचा दंडक. त्यामुळे त्यांची पगारी जागा गेली होती. त्या तशाच काम करीत राहिल्या. शिंपल्यांच्या आत गुलाबी धाग्यांसारखे वाढणारे एक शेवाळ वेगळ्या नावाने प्रसिद्ध होते. १९४९ साली त्यांनी दाखवून दिले की ते वेगळे नव्हेच. नोरीच्याच कुळातल्या शेवाळाचे ते बाळरूप आहे. त्या एका ओळखीवर जपानातली नोरीची शेती पुन्हा उभी राहिली. बाई १९५७ साली वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिले नाही. पण १९६३ साली तिथल्या लोकांनी समुद्रकाठी त्यांचे स्मारक उभारले, आणि दर वर्षी १४ एप्रिलला 'समुद्रमाता' म्हणून त्यांचे स्मरण करतात. कालवांच्या टरफलात एका बाईने काय पाहिले आणि त्यावर किती चुली पेटल्या, हे आठवले की मला त्या उरणच्या मावशींच्या हातातले टरफल निराळेच दिसू लागते.

दुसरी फसगत उलटी. एक नाव, पण आत माणसे अनेक. खारफुटीच्या मुळांवर वाढणारे कॅलोग्लोसा नावाचे नाजूक लाल शेवाळ जगभर एकाच नावाने ओळखले जाई. पात्याखाली फारसा फरक दिसेना. पण त्यांचा आपसांत संकर होईना, आणि जनुके वाचली तेव्हा एका नावाच्या पांघरुणाखाली अनेक जाती निजलेल्या निघाल्या. तिथे पात्याची धार अपुरी पडते आणि वाचन सुरू होते.

हे वाचन म्हणजे काय, ते भाचीने मला अनेकदा समजावून सांगितले. पण मला ते खरे उमगले ते एकनाथमहाराजांमुळे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. प्रत्येक लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले. नाथांनी १५८४ साली प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत केली. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत विद्वानांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या हजारावर हस्तलिखितांचे हेच केले. ज्या दोन पोथ्यांत तीच चूक आहे, त्या एका घराण्यातल्या. पाठभेद जितके जास्त, तितके नाते दूरचे. शेवाळाच्या पेशीतही अशीच एक पोथी असते आणि तिच्यात अक्षरे अवघी चार. पिढीमागून पिढी तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. त्या मोठ्या पोथीतला एखादाच अध्याय निवडतात. लाल शेवाळासाठी बहुधा 'आरबीसीएल' नावाचा, सूर्यप्रकाशावर अन्न करण्याच्या कामातला, सुमारे चौदाशे अक्षरांचा. सुकविलेल्या तुकड्यातून तो अध्याय काढायचा आणि त्याच्या कोट्यवधी प्रती करायच्या. ही नक्कल करण्याची युक्ती कॅरी मलिस या अमेरिकन गृहस्थांना १९८३ साली सुचली. मग अक्षर न्‌ अक्षर वाचून जगभरच्या साठ्यातल्या पाठांशी ताडायचे. एकाच जातीतल्या झाडांत जेवढे पाठभेद असतात, त्याहून स्पष्टपणे अधिक भेद निघाले, तरच नवी जात असल्याचा संशय घ्यायचा. संशयच, कारण पुन्हा पात्याकडे जाऊन विचारायचे, 'बाबा, तुला काय वाटते?' दोघांचे एकमत झाले तर बारसे.

असे बारसे आपल्या देशात २०२० साली झाले, आणि झाले कुठे, तर भटिंड्याला! समुद्रापासून शेकडो कोस दूर, पंजाबच्या गव्हाच्या रानात. तिथल्या पंजाब केंद्रीय विद्यापीठातले फेलिक्स बास्ट आणि त्यांचे सहकारी किनारे हिंडले आणि हिप्निया वंशातल्या दोन नव्या जाती त्यांनी प्रसिद्ध केल्या. एक 'हिप्निया इंडिका', भारताच्या नावाची. ती कन्याकुमारीला आणि गुजरातेत सोमनाथ पाटण व शिवराजपूर येथे मिळाली. दुसरी 'हिप्निया बुल्लाटा', अंगावर फोडांसारखे फुगवटे असलेली. ती कन्याकुमारीला आणि दीवला मिळाली. दोन्ही भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या. म्हणजे जिथे यात्रेकरू पाय धुतात, फोटो काढतात, तिथे त्या उभ्या होत्या आणि कोणी त्यांना हाक मारली नव्हती. सोमनाथ वर, कन्याकुमारी खाली; मधला मोठा किनारा आपला. भाचीच्या पाडव्याच्या पहाटा कशासाठी खर्च होतात, ते मला त्या दिवशी कळले.

नाव ठेवण्याचे नियमही कडक आहेत. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो कागदावर चिकटविलेला नमुना एखाद्या वनस्पतिसंग्रहात कायमचा ठेवावा लागतो. पुढे कोणालाही शंका आली तर मूळ देह पाहता यावा म्हणून. वर्णन प्रसिद्ध करावे लागते. २०११ च्या अखेरपर्यंत ते लॅटिनमध्ये लिहिण्याचे बंधन असे. आता इंग्रजी चालते. आणि एवढे करूनही नाव कायमचे असेल तर शपथ. आपल्या कोकणात पावसाळ्यात खडकांवर जांभळट पापुद्र्यासारखे नोरीचे एक भावंड उगवते. १९६२ साली त्याचे नाव ठेवले पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. २०११ साली ते पायरोपिया झाले आणि २०२० साली फायकोकॅलिडिया. सासरे दोनदा बदलले. माहेरचे व्हिएतनाम तेवढे टिकले.

माझ्या वहिनीने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढे नाव ठेवून याच्या वड्या पडणार आहेत का?" वड्याच पडतात, वहिनी! दिवाळीला आपण जे चायनाग्रास दुधात विरघळवितो, ते लाल शेवाळच. जर्मनीत फॅनी हेस नावाच्या गृहिणी जेली-मुरंब्यात ते घालीत. त्यांचे यजमान रोगजंतूंवर काम करीत आणि उन्हाळ्यात त्यांच्या बशांतली जेली वितळून जाई. १८८१ साली बाईंनी आपले स्वयंपाकघरातले जिन्नस सुचविले. आजही जगातल्या प्रयोगशाळांत जंतू वाढवायचे ते याच शेवाळाच्या खिरीवर. आईस्क्रीमला दाटपणा आणणारा एक पदार्थही याच घराण्यातला. कोणत्या जातीतून कोणता चीक निघतो हे कळायला आधी जात कळावी लागते.

पण मला खरी टोचणी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. उरणच्या अलीकडेच न्हावा-शेवाचे बंदर आहे. देशोदेशींची जहाजे येतात; त्यांच्या बुडाला चिकटून आणि पोटातल्या पाण्यातून परके जीवही येतात. जपानकडचे एक लाल शेवाळ असेच युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवर पसरले. तिथल्या शेवाळासारखेच दिसत असल्यामुळे पुष्कळ काळ ते घरचेच समजले गेले. अखेर जनुकांनी पाहुण्याला ओळखले, तोवर त्याने घर केले होते. आपला कोण आणि पाहुणा कोण, हे सांगायलाही आधी घरच्यांची यादी हवी.

आपल्या घरची जुनी यादी केली ती एका डॅनिश माणसाने. बॉर्गेसेन त्यांचे नाव. १९२७-२८ साली ते मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर हिंडले आणि पुढची काही वर्षे इथल्या शेवाळांची वर्णने प्रसिद्ध करीत राहिले. त्या वेळी खाडीच्या या बाजूला शहर नव्हते; भातखाचरे, मिठागरे आणि कोळी-आगऱ्यांची गावे होती. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. मी याच शहरात राहते, याच भरावावर चालते. तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा आव मी आणणार नाही. विमानतळ आला, समुद्रावरून पूल आला. माणसांची सोय झाली, ती मीही उपभोगते. परंतु भराव पडतो तेव्हा खाली काय गेले, याचा जमाखर्च कोणी लिहायचा?

शाळेत रोज सकाळी मी हजेरी घेते. नाव पुकारले आणि उत्तर आले नाही, की मान वर होते. 'का आला नाही? आजारी आहे का? गावी गेला का?' असे प्रश्न निघतात. पण ज्या मुलाचे नाव पटावरच नाही, ते मूल रस्त्यावरून हरवले तरी माझ्या वर्गात गैरहजर लागत नाही. वर्ग भरलेलाच दिसतो. निनावी जाणे ते हेच. मावशी म्हणाल्या, खात नाही त्याला नाव कशाला? मला त्यांना सांगावेसे वाटते, की मावशी, नाव हाक मारण्यासाठी असते तसे ते चुकल्याचुकल्यासारखे वाटण्यासाठीही असते. मावशींनाही ते ठाऊक आहे. निघताना त्याच म्हणाल्या होत्या, की पूर्वी या कातळावर कालवे दाट असत, आता गाळ साचतो. कालवांना नाव होते, म्हणून त्यांची उणीव त्यांना भासली.

त्या पाडव्याचा कागद आता सुकला आहे. डाळिंबी झुपका पसरलेला, जणू कोणी बोटाने कुंकू ओढले आहे. खाली उजव्या कोपऱ्यात भाचीच्या बारीक अक्षरात गाव, तारीख, ओहोटीची वेळ लिहिली आहे. नावाच्या ओळीवर 'हिप्निया' एवढेच लिहून पुढची जागा पेन्सिलीच्या रेघेने राखून ठेवली आहे. तिथे एखादे जुनेच नाव पडेल, बहुतेक तसेच होते, असे ती म्हणते. वाचन पुरे व्हायला अजून अवकाश आहे. मी तिला विचारले, "आणि तोवर तो खडक राहिला नाही तर?" तिने कागद हळूच दिवाळी अंकांच्या दाबाखाली सरकविला. "म्हणून तर आत्या, आधी तारीख लिहायची," ती म्हणाली.